‘शीर’, ‘शॉक’ आणि मानेचे दुखणे

मानेतून निघालेली कळ दंडावरून बोटांपर्यंत जाऊ लागली, हाताला मुंग्या येऊ लागल्या, की पाथरीचा रुग्ण ‘शीर दबली’ म्हणतो. किंवा १९४८ पर्यंत निजामी राजवटीत राहिलेल्या या भागात हिंदी-उर्दूच्या सहवासाने रुळलेला ‘नस’ हा शब्द योजतो. दोन्ही शब्द ऐसपैस आहेत. रक्तवाहिनी, मज्जातंतू, कित्येकदा कंडराही त्यांत सामावते. वस्तुतः येथे दबते ते मणक्यालगतचे मज्जामूळ. दुखते हातात, कारण असते मानेत. हे ‘मूळ’ या साध्या शब्दाने जितके उमगते तितके ‘शीर’ने उमगत नाही. सुश्रुताने निदानस्थानात ‘गृध्रसी’लगतच ‘विश्वाची’ सांगितली आहे. पाय आणि हात यांच्या दुखण्यांतील साम्य तेथे हेरलेले दिसते. मात्र तेथील ‘कंडरा’ म्हणजे आजचा मज्जातंतूच असे ठासून सांगणे, म्हणजे जुन्या शब्दावर मागाहूनचे ज्ञान लादणे होय.

या दुखण्यावर ‘शॉक वेव्ह थेरपी’ सुचविली जाते तेव्हा घोटाळा वाढतो. मराठीत ‘शॉक’ बसतो तो विजेचा; आणि ‘शॉक देणे’ म्हणजे १९३८ मध्ये रोम येथे सेर्लेत्ती व बिनी यांनी आरंभिलेला मनोरुग्णांवरील विद्युत-उपचार. प्रस्तुत उपचारात शरीरातून वीज मुळीच जात नाही. त्वचेवर टेकविलेल्या यंत्रातून दाबाच्या लहरी ऊतींत शिरतात, इतकेच. अशाच लहरींनी १९८० मध्ये म्यूनिक येथे माणसाच्या मूत्रपिंडातील खडा प्रथम फोडण्यात आला. त्या उपचाराला मराठीने सरळ ‘खडा फोडणे’ म्हटले, आणि ते सर्वांना कळले. मानेत फोडावयाचे काहीच नाही. त्यामुळे नाव पोकळ राहते. त्या पोकळीत कोणी भीती भरतो, कोणी अवास्तव आशा.

‘आघात-तरंग’ हा संस्कृत पर्याय शास्त्रदृष्ट्या निर्दोष असेल. पण पक्षाघात, अपघात यांच्या कुळातला हा शब्द दुखऱ्या मानेच्या माणसापुढे कोणी उच्चारावा? त्यापेक्षा ‘दाबलहर’ बरा. त्याचा गुण असा की तो काही कबूल करीत नाही. या लहरींनी आखडलेल्या स्नायूंचे दुखणे उतरू शकेल. सरकलेली चकती वा वाढलेले हाड त्यांनी हटत नाही. टाचेच्या दुखण्यावर या उपचाराचा जितका अभ्यास झाला आहे, त्या मानाने मज्जामुळाच्या वेदनेवरील पुरावा अद्याप तोकडा आहे. ‘नस मोकळी करणारा शॉक’ असे वर्णन केल्यास त्यातील ‘शॉक’ही चूक आणि ‘मोकळी करणे’ही चूक. अशा वर्णनावर विसंबून, हाताची पकड सुटू लागलेला किंवा चालताना तोल जाणारा रुग्ण लहरींच्या फेऱ्या घेत राहिला आणि तज्ज्ञाकडे जाण्यास विलंब झाला, तर हा दोष केवळ कोशापुरता राहत नाही. संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी त्याला इतके तरी मराठीत सांगितले पाहिजे, की ही वीज नव्हे, दाबाच्या लहरी आहेत, आणि दबलेले मूळ त्यांनी सुटत नाही.