चॉकलेट, कामेच्छा आणि वयाचा रकाना

फेब्रुवारी जवळ आला की आमच्या दापोड्यातल्या गोदामांत बदामाच्या आकाराचे चॉकलेटचे डबे येऊन पडतात. मावसभाऊ तिथे पॅकिंगला आहे. एकदा त्याने विचारलं, "पीएचडी करतोस ना, मग सांग, चॉकलेटने खरंच 'तसं' काही होतं का?" मी ऐटीत म्हणालो, "हो, इटलीत संशोधन झालंय." तोवर मी त्या पेपरचं फक्त शीर्षक वाचलं होतं!

पेपर सलोनिया आणि सहकाऱ्यांचा, 2006 सालचा, 'जर्नल ऑफ सेक्शुअल मेडिसिन'मधला. उत्तर इटलीतल्या 163 स्त्रियांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. रोज चॉकलेट खाणाऱ्यांना लैंगिक इच्छेच्या मोजपट्टीवर जास्त गुण मिळाले. झाली बातमी. पण पुढे वाचा: चॉकलेट खाणाऱ्या स्त्रिया वयाने लहान होत्या, आणि वय हिशेबात धरल्यावर दोन्ही गटांत फरकच उरला नाही.

यालाच कन्फाउंडिंग म्हणतात. नेट-सेटला व्याख्या पाठ करतो आपण, पण समोर आलं की ओळखत नाही. उद्या कुणी म्हणेल, रील्स बघणाऱ्यांचे गुडघे कमी दुखतात. आकडे तसे येतीलही. गुडघे रील्सने बरे झाले का? बघणारी पोरं विशीतली आहेत, एवढंच.

लेखकांनी हे लपवलं नाही, सारांशातच लिहिलंय. तरी शीर्षकात मात्र 'कुतूहल जागवणारा सहसंबंध'. माझा आक्षेप इथे आहे. जो संबंध वय धरताच विरतो, त्याला शीर्षकात बसवायचं कशाला? शिवाय नमुना सोयीने निवडलेला, आणि सगळी माहिती एकाच वेळी घेतलेली. फरक उरला असता तरी चॉकलेटमुळे इच्छा की इच्छेमुळे चॉकलेट, हे यातून कळलं नसतं.

"पण त्यात फेनिलएथिलअमाइन असतं ना?" असतं. पोटात गेल्यावर मोनोअमाइन ऑक्सिडेज त्याचा बराचसा फडशा पाडतं, मेंदूपर्यंत फारसं काही पोचत नाही.

मला जास्त आवडतो तो मिशनर आणि रोझिन यांचा 1994 चा प्रयोग. विषय कामेच्छा नव्हे, चॉकलेटची तलफ. पण रचना बघा. तलफ आली की कधी चॉकलेट, कधी पांढरं चॉकलेट (त्यात कोको बटर असतं, कोको पावडर नसते), कधी कोकोच्या कॅप्सूल, कधी नुसत्या खोट्या कॅप्सूल. कोकोतली रसायनं खरी कामाची असती, तर कॅप्सूलने तलफ भागली असती. नाही भागली. पांढऱ्या चॉकलेटने थोडी भागली. म्हणजे भाव चव आणि तोंडात विरघळण्याला.

मोक्तेसुमा राजा स्त्रियांसाठी कोको प्यायचा, ही गोष्टही बर्नाल दियाझने जवळपास पन्नास वर्षांनी लिहिलेली, तीही 'असं म्हणत' या थाटात.

भावाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं, मग शेवग्याच्या शेंगेचं काय?"

या वेळी आधी पेपर उघडला.