जुन्या धाटणीचे बेस: नाद सालाचा की हाताचा?

आज आधी ऐकू, मग बोलू.

या स्क्रीनमागे दोन जॅझ बेस आहेत. दोन्ही जुन्या धाटणीचे, म्हणजे बांधणी अलीकडची पण रचना जुन्या मॉडेलबरहुकूम. एक साठच्या दशकातला, दुसरा सत्तरच्या. तारा एकाच जातीच्या, एकाच दिवशी चढवलेल्या. अ‍ॅम्प एकच. आमचा विद्यार्थी एकच ओळ तीनदा वाजवेल.

(तीन तुकडे वाजवले जातात.)

आता सांगा, यातले कोणते दोन एकाच गिटारवरचे? पहिला-दुसरा म्हणणारे हात बरेच दिसतायत. उत्तर आहे पहिला आणि तिसरा. पहिल्या वेळी त्याची बोटं गळ्याजवळ होती, तिसऱ्या वेळी ब्रिजजवळ. बाकी एक बटणही हललेलं नाही. (हशा)

तुमची फजिती करायची म्हणून हे केलं नाही. जुन्या धाटणीच्या बेसची तुलना आपण कशी करतो, त्यात काय धरतो आणि काय सोडतो, हा आजचा विषय आहे.

गिटारींमध्ये फरकच नसतो, असं मी म्हणत नाही. फेंडरचा प्रिसिजन बेस आला 1951 मध्ये, आणि आज आपण ज्याला ‘पी’ म्हणतो तो दोन तुकड्यांचा पिकअप त्याला 1957 मध्ये मिळाला. जॅझ बेस 1960 चा, त्याला दोन पिकअप. प्रिसिजनचा आवाज मधल्या पट्टीत भरलेला, एकजिनसी. जॅझचे दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की मधले काही स्वरांश एकमेकांना कापतात, आवाज जरा पोकळ आणि गोड होतो. सत्तरच्या दशकात जॅझचा मागचा पिकअप साधारण एक सेंटिमीटर ब्रिजकडे सरकला. ब्रिजजवळ तार फारशी हलत नाही. मूळ स्वर तिथे कमी मिळतो, वरचे उपस्वर तुलनेनं जास्त. म्हणून आवाजाला धार येते. तबल्याच्या मंडळींना हे सांगायला नको. चाट आणि लव यांत अंतर किती? बोटभर. पण नाद वेगळा.

तर फरक आहे, आणि तो मोजता येतो. पण पिकअप एक सेंटिमीटर सरकल्यानं जे होतं, त्याहून जास्त हात दहा सेंटिमीटर सरकल्यानं होतं. तुम्ही ते आत्ताच ऐकलंत.

आता ज्या आवाजांसाठी लोक ही जुनी सालं शोधतात, ते आवाज आले कुठून ते बघू. तीनच उदाहरणं घेतो.

जेम्स जेमरसन. डेट्रॉइटच्या मोटाऊन स्टुडिओतला वादक, प्रिसिजन 1962 चा. तारा सपाट गुंडाळीच्या, फ्लॅटवाउंड, आणि तुटल्याशिवाय तो त्या बदलत नसे. तारा पट्टीपासून उंच. ब्रिजच्या झाकणाखाली फोम, त्यामुळे आस तोकडी. आणि वाजवणारं बोट एकच, तर्जनी. ही सवय उभ्या डबल बेसची.

दुसरा जॅको पास्टोरियस. त्याचा जॅझ बेसही 1962 चा म्हणून प्रसिद्ध. पण पडदे काढलेले, पट्टीवर इपॉक्सीचा थर, त्यावर राउंडवाउंड तारा, आणि भर मागच्या पिकअपवर.

तिसरा मार्कस मिलर, जॅझ बेस 1977 चा. त्यात रॉजर सॅडोव्स्कीनं प्रीअँप बसवला होता.

तिघांत समान काय? ज्या आवाजामुळे ते साल प्रसिद्ध झालं, तो कारखान्यातून निघालेल्या गिटारचा आवाजच नव्हता. एकीवर तारा मरू दिल्या होत्या, एकीचे पडदे उपटले होते, एकीच्या पोटात नवं सर्किट होतं. आपण मात्र नवी प्रतिकृती घेतो, तिच्यावर दुकानातल्या चकचकीत तारा तशाच ठेवतो, आणि म्हणतो, बघा, हा बासष्टचा टोन.

तारांचंच घ्या. नवी राउंडवाउंड म्हणजे खुली जवारी, जुनी फ्लॅटवाउंड म्हणजे बंद जवारी. दोन तानपुऱ्यांची तुलना करताना एकाची जवारी खुली आणि दुसऱ्याची बंद ठेवून कोणी लाकडाबद्दल बोलायला लागलं, तर आपण त्याला बसू देऊ का? बेसच्या बाबतीत आपण रोज बसू देतो. एकावर कालच्या तारा, दुसऱ्यावर वर्षापूर्वीच्या, आणि निष्कर्ष काय तर अॅल्डर उबदार, अॅश टणक. लाकडाचा परिणाम असेलही. पण अशा तुलनेत तो ऐकू येणं शक्य नाही.

दुसरी चूक म्हणजे एकटा बेस ऐकणं. एकटा ऐकला की दोन पिकअपचा गोड जॅझ जिंकतो. ड्रम आणि कीबोर्ड आले की तोच गोडवा मागे सरतो, आणि एकटा ऐकताना साधा वाटलेला प्रिसिजन आपली जागा धरून बसतो. बेसचं काम सोबतीचं आहे, मग त्याची परीक्षा सोबतीशिवाय कशी घेणार?

तुम्ही म्हणाल, एवढं मनावर कशाला घ्यायचं? दोन कारणं आहेत. पहिलं पैशाचं. बेस शिकणारी मुलं माझ्याकडे येतात, हप्त्यावर महागडी प्रतिकृती घेऊन. आवाज येत नाही म्हणून रडवेली होतात. त्यांना गिटार बदलायची नसते, तारा बदलायच्या असतात, आणि हात जरा सरकवायचा असतो.

दुसरं कारण मला जास्त बोचतं. मोटाऊनच्या रेकॉर्डवर वादकांची नावं छापत नसत. जेमरसननं साठच्या दशकात एकामागून एक गाजलेली गाणी वाजवली. त्याचं नाव छापलेलं दिसलं 1971 मध्ये, मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर. 1983 मध्ये तो गेला. त्याची ती गिटार त्याच्या मृत्यूच्या थोडं आधी चोरीला गेली होती. वर्षानुवर्षं ज्याचं नाव छापलं गेलं नाही, त्याच्या गिटारचं साल आज डब्यावर छापलं जातं. ‘बासष्टचा टोन’ म्हणताना आपण तेच पुन्हा करतो. त्या बोटाचं श्रेय सालाला देतो.

तेव्हा पुढच्या वेळी दोन बेस तोलाल तर आधी तारा सारख्या करा, आवाजाची पातळी सारखी करा, हात एकाच जागी ठेवा, मागे ठेका लावा आणि डोळे मिटा. त्यानंतर जो फरक उरेल तो गिटारचा. तो आवडला तर जरूर पैसे द्या. बाकीचा तुमच्या हाताचा आहे, आणि तो रियाजानंच येतो.

आता स्क्रीन काढतो. ज्यांना वाजवून बघायचंय त्यांनी पुढे या.