एजंट ११६ नंतरचा जितेंद्र

एखादी भूमिका लोकांना फार आवडली म्हणजे ती नटाच्या डोक्यावर कर्ज होऊन बसते. पुढे तो काहीही करो, प्रेक्षक त्या पहिल्या भूमिकेचे व्याज मागत राहतात. शॉन कॉनरी ह्या नटाने १९६२ साली ‘डॉक्टर नो’मध्ये जेम्स बाँड उभा केला आणि पुढे कितीतरी वर्षे तो त्या गुप्तहेराच्या सावलीत वावरला. ‘द मॅन हू वुड बी किंग’ (१९७५), ‘रॉबिन अँड मेरियन’ (१९७६), ‘द अनटचेबल्स’ (१९८७) ह्या चित्रपटांनी त्याला त्या सावलीतून बाहेर काढले. ह्यांतली त्याची सर्वांत चांगली भूमिका कोणती, ह्याची चर्चा तिकडचे रसिक आवडीने करतात. तशाच तऱ्हेचा एक नट आपल्या मुंबईच्या गिरगावात वाढला. त्याच्याविषयी मात्र आपण तेवढ्या गंभीरपणे बोललेले दिसत नाही. तो नट म्हणजे जितेंद्र.

त्याचे मूळ नाव रवी कपूर. जन्म १९४२ साली अमृतसरचा, बालपण गिरगावच्या चाळीतले. घरचा धंदा चित्रपटांना खोटे दागिने पुरवण्याचा. त्या निमित्ताने व्ही. शांताराम यांच्याकडे त्याचा प्रवेश झाला आणि १९६४ साली ‘गीत गाया पत्थरों ने’मध्ये त्याला नायकाची भूमिका मिळाली. जितेंद्र हे नावही शांताराम यांनीच दिलेले. १९६७ साली त्यांनी ‘बूँद जो बन गई मोती’मध्ये त्याला शाळामास्तर केले. परंतु त्याच साली रविकांत नगाइच यांचा ‘फर्ज’ आला आणि मास्तर मागे पडून एजंट ११६ पुढे गेला. ‘फर्ज’ हा मुळात ‘गूढचारी ११६’ ह्या १९६६ सालच्या तेलुगू चित्रपटाचा हिंदी अवतार. तेलुगूतला नायक कृष्णा. बाँडची ही नक्कल अशी दोन नद्या ओलांडून आपल्याकडे आली.

‘फर्ज’मधल्या जितेंद्रला उगाच नावे ठेवण्यात अर्थ नाही. त्यात चपळाई आहे, ताल आहे, तारुण्याचा निर्मळ उत्साह आहे. उणीव आहे ती दुसरीच. गुप्तहेराचा धंदा दोन गोष्टींवर चालतो: स्वतःविषयी लपवणे आणि दुसऱ्याचे ऐकणे. ह्या चित्रपटात ह्या दोन्ही गोष्टींचे मनावर काही ओझे पडत नाही. ज्याच्यावर संशय आहे त्याच्याच मुलीवर नायकाचे प्रेम जडते. केवढा पेच! पण तो पेच गाण्याच्या पहिल्या ठेक्याबरोबर वाहून जातो. चित्रपटाचे नाव ‘कर्तव्य’ अशा अर्थाचे, आणि कर्तव्य जड असते ह्याची नायकाला वार्ताही नाही. लोकांनी त्यातून घेतले काय? तर पांढरे बूट, अंगाबरोबरचे कपडे आणि नाचाची एक लकब.

हेच दोन धंदे, लपवण्याचा आणि ऐकण्याचा, पुढे गुलजार यांच्या तीन चित्रपटांत जितेंद्रच्या वाट्याला पुन्हा आले. ‘परिचय’ (१९७२), ‘खुशबू’ (१९७५) आणि ‘किनारा’ (१९७७) हे ते तीन चित्रपट. आमच्या मते त्याचे उत्तरकाळचे सर्वोत्तम काम ह्यांतच आहे. आणि तिन्ही एकमेकांशेजारी ठेवले तर नट कसा वाढतो ते स्पष्ट दिसते.

‘परिचय’चा नायक शिकवणीचा मास्तर आहे, आणि योगायोग असा की त्याचे नाव रवी. रायसाहेबांच्या शिस्तीच्या वाड्यात पाच पोरकी नातवंडे आहेत आणि ती येईल त्या मास्तराला पळवून लावतात. वडिलांच्या मृत्यूचा दोष मुलांनी आजोबांवर ठेवलेला आहे. कथेचे मूळ बंगाली कादंबरीत असले तरी ‘द साउंड ऑफ म्यूझिक’ची आठवण होणारच. ह्या चित्रपटात प्राण रायसाहेब आहेत, जया भादुरी थोरली नात आहे, आणि मुलांच्या वडिलांच्या भूमिकेत संजीवकुमार थोडा वेळ येऊन बराच काळ मनात राहतो. अशा मंडळींत जितेंद्रने शहाणपणाची गोष्ट केली ती ही, की त्याने कोणाशी स्पर्धा केली नाही. तो मुलांचे ऐकतो, नातीच्या तोंडून घराची दुखरी कहाणी ऐकतो. तथापि ह्या भूमिकेला आतून फारशी झळ नाही. रवी भला आहे आणि भलाच राहतो. दुःख घराचे आहे. मास्तर ते जाणतो, पण ते त्याचे नव्हे.

‘किनारा’त झळ आहे, आणि ती पुरेपूर आहे. वास्तुशिल्पी इंदर याच्या हातून मोटारीचा अपघात होतो आणि चंदन (धर्मेंद्र) दगावतो. पुढे त्याला कळते की मांडूच्या भग्न महालांत ज्या आरतीशी (हेमामालिनी) आपला स्नेह जुळला, तिचाच हा प्रियकर. आरतीची दृष्टी जाते, आणि जो माणूस तिला नकोसा आहे तोच आपले खरे नाव लपवून तिच्या पाठीशी उभा राहतो. पुन्हा नाव लपवणारा नायक! एजंट ११६ने नाव लपवले ते साहसासाठी, इंदर लपवतो ते अपराधाच्या जाणिवेने. तिच्या तोंडून स्वतःविषयीचा संताप ऐकावयाचा आणि उत्तर द्यावयाचे नाही, असे अवघड काम नटावर आहे, आणि ते तो चोख करतो. तरीसुद्धा एक शंका उरते. येथे प्रसंगच इतका प्रबळ आहे की अर्धे काम कथानक करते. आंधळ्या स्त्रीसमोर मूक उभा असलेला अपराधी कोणत्याही नटाने दाखवला तरी प्रेक्षक हळवा होईल.

म्हणून आमचे मत ‘खुशबू’ला. शरच्चंद्रांच्या ‘पंडितमशाई’ ह्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. कादंबरीतला वृंदावन गावचा पंडित. गुलजार यांनी त्याला डॉक्टर केले. कुसुमशी त्याचे नाते लहानपणीच ठरलेले, पुढे दोन घरांच्या वैराने तुटलेले. मध्यंतरी त्याचे दुसरीशी लग्न होते, ती एक मुलगा मागे ठेवून जाते, आणि वर्षांनंतर हा डॉक्टर कुसुमच्या समोर येतो. कुसुमने त्याला मनाने सोडलेले नाही, आणि मान सोडून त्याच्या घरी जाणेही तिला मान्य नाही. चित्रपट तिचा आहे. हेमामालिनीची ही भूमिका तिच्या उत्तम भूमिकांपैकी एक, आणि वृंदावनच्या आईच्या कामात आपल्या दुर्गाबाई खोटे आहेत.

वृंदावनला ‘किनारा’सारखा एकही आधार नाही. अपघात नाही, रहस्य नाही, टाळी घेणारे वाक्य नाही. दोष पुरता त्याचा नाही आणि तो पुरता निर्दोषही नाही. त्याला सांगावयाचे खूप आहे, पण सांगण्याचा हक्क आपण गमावला हे तो जाणतो. धंतोलीत राहणाऱ्याला डॉक्टरांचे अप्रूप नाही. येथे दर दुसऱ्या दारावर त्यांची पाटी आहे. रोगी बोलत असता मध्ये न तोडणारा डॉक्टर कोण, हे ह्या वस्तीतले लोक बरोबर ओळखतात. वृंदावन तसा डॉक्टर आहे. चष्म्याआडून तो कुसुमकडे पाहतो तेव्हा क्षमा मागत नाही, हक्कही सांगत नाही. तिचे बोलणे आणि तिचे न बोलणे दोन्ही ऐकून घेतो. दुय्यम राहूनही पुसट न होणे ही नटाची कठीण परीक्षा. ती तो येथे उतरला.

ह्यावर आक्षेप येईल की हे सारे गुलजार यांचे. जितेंद्र निव्वळ माती, घडवणारा कुंभार दुसरा. आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धेच. पटकथा, संवाद, मिशी, चष्मा, साधा वेष ही दिग्दर्शकाची देणगी खरी. परंतु संयम काही लिहून देता येत नाही. तो नटालाच धरावा लागतो. शिवाय कुंभार एकच असता तीन भांडी तीन तऱ्हेची निघाली: एकात प्रसन्नता, दुसऱ्यात पश्चात्ताप, तिसऱ्यात ओशाळलेपणातही टिकलेली प्रतिष्ठा. मातीत काही गुण असल्याखेरीज हे होत नाही.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १९८२ साली स्वतः काढलेला ‘दीदार-ए-यार’ कोसळला आणि १९८३ साली ‘हिम्मतवाला’ने त्याला सावरले. हाही तेलुगूतून आलेला, मुळातला नायक पुन्हा कृष्णा आणि निर्मितीसंस्थाही कृष्णाचीच पद्मालय. म्हणजे ज्या विहिरीतून ‘फर्ज’चे पाणी आले होते, तीच सोळा वर्षांनी पुन्हा कामी आली. पाठोपाठ तशा चित्रपटांची रांग लागली. देणी असलेल्या माणसाने मिळेल ते काम घेतले ह्याबद्दल त्याला दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही.

मात्र हानी झाली ती झालीच. ‘किनारा’नंतर ह्या नटाला कोणी वृंदावनची प्रौढी पुढे नेण्याची संधी दिली नाही, त्यानेही ती आग्रहाने शोधली नाही, आणि आपण प्रेक्षकांनी तिची उणीव दाखवली नाही. कॉनरीला म्हातारा होण्याची मुभा त्याच्या प्रेक्षकांनी दिली. ‘अनटचेबल्स’मधल्या वयस्क पोलिसाच्या भूमिकेला ऑस्करही मिळाले. आपल्याकडे चाळिशी उलटलेल्या नायकाकडूनही आपण कवायतीसारखा नाच मागितला, आणि त्याने तो दिल्यावर त्याच नाचाला हसलो. ह्या नटाला पांढऱ्या बुटांवरून ओळखणाऱ्याने एकदा ‘खुशबू’ पाहावा आणि मग आपले हसू कोणाच्या नावे मांडावयाचे ते ठरवावे.