निवेदन आणि न्याय : पुराणकथांच्या स्त्रीकेंद्री पुनर्कथनाविषयी

पुराणकथा स्त्रीच्या तोंडून सांगितली की ती स्त्रीच्या दृष्टिकोणातून सांगितली गेली, असे आपण बहुधा गृहीत धरतो. हे गृहीतक तपासून पाहावयास हवे. निवेदन कोणाकडे आहे हा एक प्रश्न. कथेतील न्यायाचे माप कोणाचे हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरात दुसऱ्याचे उत्तर असतेच असे नाही.

हा दुसरा प्रश्न मराठीत फार लवकर विचारला गेला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील बालहत्येचा खटला हे त्याचे निमित्त. सावित्री पतीसाठी यमापर्यंत गेली. पत्नीसाठी असा कोणता पती गेला, असे ताराबाई विचारतात. कथेतील एकही घटना त्या बदलत नाहीत, सावित्रीला स्वगतही देत नाहीत. तरीही कथेचा केंद्रबिंदू सरकतो. पातिव्रत्याचा आदर्श मागे पडून पुरुषाचे अनुपस्थित कर्तव्य समोर येते. शीर्षकातील ‘तुलना’ हीच येथे विवेचनाची पद्धती आहे.

वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) ययातीबरोबरच देवयानी आणि शर्मिष्ठा याही प्रथमपुरुषी निवेदन करतात. ही योजना निःसंशय महत्त्वाची आहे. परंतु कादंबरीचा मूळ प्रश्न ययातीच्या भोगलालसेचा आणि संयमाचाच राहतो. देवयानीचा अहंकार आणि शर्मिष्ठेचा त्याग, दोन्ही त्याच्या गरजेच्या तराजूत तोलले जातात. राजकन्येचे दासी होणे ही तिच्या प्रेमकथेची पार्श्वभूमी ठरते. दास्य स्वतः प्रश्नविषय होत नाही.

ग्रीक मिथकांवरील अलीकडच्या कादंबऱ्यांशी ही तुलना उद्बोधक ठरते. पॅट बार्कर यांच्या ‘द सायलेन्स ऑफ द गर्ल्स’मध्ये (२०१८) राणीपदावरून अकिलीसची दासी झालेली ब्रायसीस बोलते. येथे दास्य हाच आशय आहे. तरीही पुढे काही भागांत अकिलीस तृतीयपुरुषी निवेदनातून केंद्रस्थानी येतो आणि ब्रायसीसची कथेवरील पकड सैल होते. मार्गारेट अ‍ॅटवुड ‘द पेनेलोपिअ‍ॅड’मध्ये (२००५) आणखी पुढे जातात. फाशी दिलेल्या बारा दासींचा वृंद पेनेलपीचे निवेदन वारंवार खंडित करतो आणि राणीच्या सोयीस्कर स्मरणालाच जाब विचारतो. स्त्रीचे निवेदनही येथे अंतिम प्रमाण मानलेले नाही. ताराबाईंची पद्धती येथे स्त्री-स्त्रीमधील सत्तासंबंधांनाही लागू होते.

निबंधाचे निकष कादंबरीला लावावेत काय, हा आक्षेप रास्त आहे. कादंबरीने निवाडा द्यावा, अशी अपेक्षा नाही. मात्र ज्या मापाने तिला मोजले जाते त्या मापाविषयीच प्रश्न विचारण्याची मुभा स्त्रीपात्राला आहे किंवा नाही, हे पाहणे समीक्षेचे काम आहे. शर्मिष्ठेला कादंबरीत वाणी मिळाली. ही मुभा मात्र मिळाली नाही.