नदीची प्रार्थना आणि विमानाची खिडकी

एखाद्या गायकसंचाची पहिली ध्वनिमुद्रिका रसिकांच्या कुतूहलावर तरून जाते. दुसरीला मात्र स्वतःच्या गुणांवर उभे राहावे लागते. अमेरिकेतील ‘टॉकिंग हेड्स’ या चौघांच्या संचाने १९७८ साली काढलेली दुसरी ध्वनिमुद्रिका या कसोटीला लावून पाहण्याजोगी आहे. ‘मोअर साँग्ज अबाउट बिल्डिंग्ज अँड फूड’, म्हणजे इमारती आणि अन्न यांवरची आणखी गाणी, असे तिचे खट्याळ नाव. रॉक संगीतात लांबलचक वादनाचा जो पसारा माजला होता त्याला विटून काही तरुणांनी आटोपशीर, काहीशी कोरडी गाणी रचण्यास आरंभ केला. त्या प्रवाहास ‘न्यू वेव्ह’ म्हणतात. हा संच त्यातलाच.

मुद्रण बहामा बेटांतील नॅसो येथे, ब्रायन ईनो याच्या देखरेखीखाली झाले. १९७७ सालच्या पहिल्या तबकडीत डेव्हिड बर्नचा बावरलेला आवाज सर्वांच्या पुढे धावत असे. येथे टीना वेमथची बेस गिटार आणि क्रिस फ्रँट्झचे तालवादन यांनी त्याला पायाखाली जमीन दिली आहे. ‘फाउंड अ जॉब’ ऐकावे. दूरचित्रवाणीवर पाहण्यासारखे काही नाही म्हणून भांडणारे जोडपे स्वतःच कार्यक्रम रचू लागते आणि संसार सावरतो. विनोद आहे, पण कुचेष्टा नाही. ‘आय ॲम नॉट इन लव्ह’ मात्र आम्हांस नुसता युक्तिवाद वाटला; आणि युक्तिवाद ऐकण्यासाठी आम्हांस न्यायालय पुरेसे आहे.

खरा प्रश्न उभा राहतो तो शेवटच्या दोन गाण्यांपाशी. ‘टेक मी टू द रिव्हर’ हे यांचे स्वतःचे नव्हे. अल ग्रीन याने वादक टीनी हॉजेस याच्यासह ते रचले आणि १९७४ साली गायिले. पुढे १९७६ साली तो मेम्फिसमध्ये स्वतःचे चर्च स्थापून धर्मोपदेशक झाला. प्रेमाने पोळलेला माणूस नदीत बुडवून शुद्ध करण्याची याचना करतो. ही नदी बाप्तिस्म्याची असली, तरी तीर्थस्नान जाणणाऱ्यास ती परकी वाटू नये. कलाशाळेत शिकलेल्या गोऱ्या तरुणांनी कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली ही आर्तता उसनी घ्यावी काय? आमच्या मते त्यांनी ती लाज राखून घेतली आहे. मुळातल्या गायकीची नक्कल न करता त्यांनी लय अतिशय संथ केली. बर्नचा अवघडलेला स्वर त्या संथपणात लपायला जागाच शोधू शकत नाही. अमेरिकेच्या लोकप्रियता-यादीत हे गीत २६व्या क्रमांकापर्यंत चढले.

आणि लगेच ‘द बिग कंट्री’! विमानात बसलेला एक गृहस्थ खाली शेते, घरे, मैदाने पाहतो. सारे नीटनेटके आहे हे कबूल करतो आणि असल्या ठिकाणी राहणे आपल्याला मुळीच नको, असे बजावतो. कित्येक श्रोत्यांस हा नागर माणसाचा उद्दामपणा वाटतो. शब्दांपुरते ते खरे आहे. परंतु तारेवरून घसरत जाणारी गिटारची सुरावट त्याच खेड्यापाड्यांतल्या संगीताची आहे, आणि ती अतिशय हळवी आहे. आधीच्या गाण्यात पाण्यात उतरू पाहणारा आवाज येथे जमिनीवरही उतरावयास तयार नाही. तो नाही म्हणत राहतो, आणि गिटार त्याला खाली बोलावीत राहते.