स्टीव्ह राइश यांचे ‘फोर ऑर्गन्स’

स्टीव्ह राइश यांची ही १९७० सालची रचना चार विद्युत ऑर्गन व मराका, म्हणजे खुळखुळे, यांसाठी आहे. खुळखुळे अखंड समान मात्रा देतात. ऑर्गनवर एकच स्वरसंघात वाजतो आणि त्यातील स्वर क्रमाने लांबत जातात. १९७३ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये काही श्रोत्यांनी ती थांबविण्यासाठी आरडाओरड केली. त्यांचा वैताग आम्हांस सर्वस्वी निराधार वाटत नाही. बदलाची प्रक्रिया श्रोत्यास ऐकू यावी, हा राइश यांचाच १९६८च्या निबंधातील आग्रह. प्रारंभी ती स्वच्छ ऐकू येते. अखेरीस मात्र एकेक आवर्तन दोनशेहून अधिक मात्रांचे होते. वादक मोजत असतात, श्रोत्याचा कान गणती हरवून बसतो. उरतो तो नुसता नाद, आणि तो सोडवत नाही, हेही आम्ही कबूल करतो.