संमतिपत्रकाची मराठी आणि मार्गदर्शक

वैद्यकाच्या एम. डी. पदवीकरिता विद्यार्थ्यास प्रबंध सादर करावा लागतो. आणि त्याकरिता रुग्णांवर प्रयोग करावयाचा तर त्यांची संमती त्यांना समजेल अशा भाषेत घ्यावयाची असते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही हीच अपेक्षा आहे. प्रबंधाचा इंग्रजी आराखडा मार्गदर्शक बारकाईने तपासतो, रुग्णसंख्येवरून विद्यार्थ्याशी वाद घालतो. मराठी संमतिपत्रक मात्र पुष्कळदा भाषांतरकाराच्या स्वाधीन होते.

त्याची रूढ कसोटी म्हणजे उलट भाषांतर: मराठीचे पुन्हा इंग्रजी करावयाचे व ते मुळाशी ताडून पाहावयाचे. दोष या कसोटीतच आहे. ‘रँडमायझेशन’ला ‘यादृच्छिकीकरण’ हा घडीव प्रतिशब्द दिला, की तो उलट भाषांतरात मूळ पारिभाषिक शब्द होऊन बिनबोभाट परत येतो. रुग्णास तो कळला नाही, ही गोष्ट तीत उमटतच नाही. याउलट ‘कोणाला कोणते औषध हे चिठ्ठ्या टाकून ठरेल’ असे लिहिले, तर परत आलेल्या इंग्रजीत ‘लॉटरी’ दिसते आणि आक्षेप निघतो. शब्द जितका दुर्बोध तितका तो प्रमाणपत्रास पात्र, असा हा विलक्षण न्याय!

तथापि ‘चिठ्ठी’ही निर्दोष नव्हे. देवापुढे चिठ्ठ्या टाकून कौल घेणाऱ्यास तीत दैवी निवाडा दिसेल. वाट्यास आले ते आपणांस योग्यच, असे तो मानील. संशोधनातील प्रत्येक निर्णय आपल्या प्रकृतीचा विचार करूनच घेतला जातो, या रुग्णांच्या समजुतीला पॉल ॲपेलबॉम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ‘उपचारविषयक गैरसमज’ म्हटले; ती समजूत अशाने बळावते. म्हणून पुढे असे वाक्य जोडावे लागते: ‘हे ठरविताना तुमच्या आजाराचा विचार केला जाणार नाही, दोहोंपैकी कोणते औषध अधिक गुणकारी, हे डॉक्टरांनाही अजून ठाऊक नाही.’ येथे विद्यार्थ्याची लेखणी अडखळते. दोन उपचारांविषयीची खरी अनिश्चितता हाच अशा प्रयोगाचा नैतिक आधार, हे त्याने परीक्षेत लिहिलेले असते. पण रुग्णासमोर ते उच्चारणे म्हणजे स्वतःचा अधिकार कमी करून घेणे, असे त्यास वाटते. सांख्यिकीचा अध्यापक ही भीती घालवू शकत नाही. ते काम मार्गदर्शकाचेच.

त्याने बाह्यरुग्ण विभागात विद्यार्थ्याशेजारी बसावे, पत्रक मोठ्याने वाचावयास लावावे, आणि ‘आता तुम्ही काय समजलात ते सांगा’ असे रुग्णास विचारू द्यावे. उत्तरात रुग्ण जो शब्द वापरील तो टिपून ठेवला, तर पुढचा मसुदा त्यावरून लिहिता येईल.